मुक्कामाच्या रात्री

रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूपासून फारशा दूर नसलेल्या एका गल्लीत, आठ वर्षांचा एक मुलगा आपल्या आईबरोबर आजोळी राहतो; आणि महिन्यातल्या दोन शुक्रवारी शाळा सुटल्यावर, दप्तर कोपऱ्यात ठेवून, जी निळी पिशवी खांद्याला लावून तो नागपूरच्या गाडीसाठी स्टेशनाकडे निघतो, तिच्या आतल्या कप्प्यात चाळीस पानी एक वही असते. ती वही त्याच्या आजीने घातली. पहिल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: चष्म्याची डबी, दम्याचा पंप, हिंदीची वही, स्वेटर, मोजे दोन जोड. चारपाच पाने उलटली की दुसरे एक अक्षर दिसू लागते, उभे, घाईचे, कागदावर वळ उमटतील इतके दाबून काढलेले: ‘पंप रात्री ९ ला दिला. खोकला कमी. सातचा पाढा अडखळतो.’ हे अक्षर वडिलांचे. या दोन घरांतली मोठी माणसे गेली तीन वर्षे एकमेकांशी बोललेली नाहीत. जो काही शब्दव्यवहार झाला तो वकिलांच्या नोटिशींतून आणि कोर्टातल्या जबाबांतून झाला. मात्र या वहीत, मुलाच्या खोकल्यापुरती आणि पाढ्यांपुरती, ती एकमेकांना उत्तरे देतात. आजींनी एका दुपारी ती माझ्यासमोर ठेवली, आणि विभक्त झालेल्या आईबापांनी मुलाचे दिवस कसे वाटून घ्यावेत या प्रश्नावर आपण काही लिहिले पाहिजे, असे मला त्या दिवसापासून वाटत राहिले.

प्रथम शब्दांविषयी, कारण या विषयात निम्मे अनर्थ शब्दांनीच केले आहेत. इकडच्या न्यायालयांत ज्याला ‘अभिरक्षा’ म्हणतात, त्याला आपण मराठीत ‘ताबा’ म्हणतो. घराचा ताबा, शेताचा ताबा, मजकूर मिळकतीचा ताबा, आणि त्याच पंक्तीत मुलाचा ताबा! ज्या शब्दाने जमिनीच्या हद्दी ठरवल्या जातात त्याच शब्दाने एका जीवाचे बालपण ठरवू लागलो की विचारही आपोआप मोजणीदाराच्या साखळीने चालू लागतो: कोणाच्या वाट्याला किती, कोणाचा हिस्सा कमी, कोणी अतिक्रमण केले. अपत्ये ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. परंतु ज्या भाषेत दरखास्ती लिहिल्या जातात आणि ज्या भाषेत नातेवाईक ओट्यावर बसून ‘मग मुलगा कोणाला मिळाला?’ असे विचारतात, त्या भाषेपर्यंत ते वचन अद्याप पोहोचलेले नाही.

दुसरा शब्द ‘मुलाकात’. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ज्या पालकाजवळ मूल राहत नाही, त्याच्यासाठी न्यायालय बहुधा अंतरिम हुकूम देते, आणि त्या हुकुमात महिन्यातला एखादा शनिवार किंवा रविवार आणि त्यातले दोन किंवा तीन तास नमूद असतात. जागा म्हणजे न्यायालयाच्या आवारातली एक खोली. ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर आईबापांची उलटतपासणी चालते, तिथेच खाली चार खेळणी मांडून मुलाला सांगायचे की, हे तुझे बाबा, यांच्याशी खेळ. मी अशा एका खोलीच्या दाराशी अर्धा तास उभा राहिलेलो आहे. एक तरुण बाप मांडीवर खाऊची पिशवी घेऊन बसला होता. समोरची पाच वर्षांची मुलगी पिशवीतला खाऊ संपेपर्यंत त्याच्याजवळ होती आणि संपल्यावर दाराकडे पाहू लागली. त्याने दुसरी पिशवी काढली. ती त्याने त्याच भयाने आणलेली असावी, आणि तिच्याकडे बोट दाखवून त्याला कोणी नावे ठेवू नयेत. जिथे बापाला मुलीची वेणी घालावी लागत नाही, तिला रागे भरावे लागत नाही, दूध सांडल्यावर फरशी पुसावी लागत नाही, तिथे बाप या नात्याने करण्यासारखे दुसरे काय उरते? तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये हा तर आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे. तुरुंगातल्या भेटीलाही आपण मुलाकातच म्हणतो, ही गोष्ट मला फार बोचते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मुलाच्या वेळेचे वाटप करताना तास मोजणे सोडून रात्री मोजल्या पाहिजेत. मुलाकातीच्या जागी मुक्काम हा शब्द आला पाहिजे. कारण नाते हे भेटीगाठींनी टिकत असले तरी घडते ते सहवासाने, आणि सहवासाचे खरे पोत रात्री आणि सकाळी कळते: दिवे मालवल्यावर अंधारात विचारलेले प्रश्न, मध्यरात्री चढलेला ताप, सकाळी न सापडणारा एक मोजा, नको असलेली भाजी, गृहपाठाचा कंटाळा. ज्या पालकाने या गोष्टी पाहिल्या त्याने मूल पाहिले. आणि ज्याच्या घरी मुलाला एकदा कंटाळा येऊन गेला, ते घर मुलाचे झाले. वहीतला तो सातचा पाढा दोन तासांच्या कोणत्याही मुलाकातीत अडखळला नसता, कारण तिथे पाढे म्हणवून घेण्याची कोणाची छाती झाली नसती.

कायद्याला हे अमान्य आहे असे मुळीच नाही. बडोदे संस्थानात १९३१ साली आणि मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे झाले तेव्हा समाजात जे वादळ उठले ते पतिपत्नींच्या हक्कांविषयी होते, आणि ते स्वाभाविकही होते; मुलाच्या आठवड्याचा विचार करण्याइतकी उसंत तेव्हा कोणाला नव्हती. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाने न्यायालयाला असा अधिकार दिला की, मुलांच्या राहण्याविषयी, पोटगीविषयी आणि शिक्षणाविषयी, शक्य तेथे त्यांच्या इच्छेस अनुसरून, हुकूम करावेत आणि परिस्थिती पालटेल तसे ते वेळोवेळी पालटावेत. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमाने नैसर्गिक पालक म्हणून पित्याला आणि ‘त्याच्यानंतर’ मातेला मान्यता दिली, मात्र पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असेही सांगितले. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतरच असा नसून त्याच्या अभावी किंवा अनास्थेच्या वेळीही असा घ्यावा, हे गीता हरिहरन यांच्या दाव्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले. मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपला २५७ वा अहवाल सादर केला, आणि त्यात आईबापांना समान दर्जाचे पालक मानावे, संयुक्त ताब्याचा पर्याय न्यायालयांपुढे स्पष्टपणे ठेवावा, मुलाच्या वेळेच्या वाटपाविषयी मार्गदर्शक तत्त्वे कायद्यातच घालावीत, अशी तजवीज सुचवली. तिचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. इतक्या विचारपूर्वक लिहिलेला मसुदा दप्तरात पडून राहावा याचे मला मनापासून दुःख आहे.

आता रायपूर आणि नागपूर यांच्याविषयी, कारण वेळापत्रक हे शेवटी भूगोलावरच उभे राहते. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला त्या काळापासून, आणि पुढे मध्यप्रांताची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती म्हणून, या दोन शहरांतल्या मराठी घरांची सोयरीक अखंड चालत आली आहे. इथली लेक नागपूरच्या महालात किंवा धरमपेठेत दिली जाते, तिथली सून आमच्या कॉलोनीत येते. संसार मोडला की मुलगी माहेरी परतते, आणि मग मुलाचे दोन आईबाप सुमारे तीनशे किलोमीटरच्या लोहमार्गाच्या दोन टोकांना राहतात. गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशने या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. बिलासपूर ते नागपूर वंदे भारत गाडी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिने रायपूरहून नागपूर चार तासांच्या आसपास गाठता येते, पण शनिवारी तिची सुट्टी असते, आणि हुकुमांत सर्वांत अधिक वेळा लिहिला जाणारा वार शनिवारच असतो! ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते दुपारी १’ एवढे लिहून हुकूम मोकळा होतो. त्या दोन तासांसाठी बाप आदल्या रात्रीच्या गाडीने निघतो, पहाटे रायपूरच्या फलाटावर उतरतो, प्रतीक्षालयात तोंड धुतो, अकराला मुलापुढे बसतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. असे सहा महिने करणारा बाप मी पाहिला आहे, आणि सातव्या महिन्यात न आल्याबद्दल ‘त्याला मुलाची ओढ नाही’ असे म्हणणारे नातेवाईकही पाहिले आहेत. तोच वेळ एकत्र करून महिन्यातून दोन रात्रींचा सलग मुक्काम आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग असा दिला असता, तर त्यात आईचे काहीही गेले नसते.

सणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपले सण तिथीने चालतात आणि हुकूम इंग्रजी तारखांनी लिहिले जातात, हा एक घोळ. आणि इकडचे रिवाज व तिकडचे रिवाज एकमेकांत गुंतलेले, हा दुसरा. छत्तीसगढात तीजेला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, विवाहित स्त्री माहेरी जाते, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही तो रिवाज मुरला आहे. दुसऱ्याच दिवशी गणपती बसतो, आणि गणपती तर बहुधा वडिलांच्या घरचा. पोळ्याचेही तसेच. त्या अमावास्येला इथली मुले मातीच्या नंदिया बैलाला चाके लावून गल्लीभर ओढीत हिंडतात, आणि नागपुरात त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, ज्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. आमच्या या मुलाजवळ दोन्ही बैल आहेत, मातीचा इथे आणि लाकडाचा तिथे. त्या दोन दिवसांच्या मधली रात्र कोणत्या गाडीत जावी, हे त्याच्या निकालपत्रात कुठेही लिहिलेले नाही. ‘सणवार समसमान वाटून घ्यावेत’ एवढे एक वाक्य मात्र आहे, आणि त्या एका वाक्यावर दोन वर्षांत तीन अर्ज झाले.

काही वाचक म्हणतील की, मग परदेशात चालते तशी सरळ निम्मी निम्मी वाटणी का करू नये? स्वीडनमध्ये विभक्त आईबापांची असंख्य मुले एक आठवडा एका घरी आणि एक आठवडा दुसऱ्या घरी राहतात, आणि बेल्जियमने २००६ साली असा कायदा केला की, पालकाने मागणी केल्यास न्यायालयाने समसमान वाटणीचा विचार अग्रक्रमाने करावा. जिथे दोन्ही घरे एकाच शहरात आहेत, शाळा एकच आहे, आणि मुलाला सायकलने एका घरून दुसऱ्या घरी जाता येते, तिथे ही पद्धत चांगलीच आहे; पुण्यात, मुंबईत, किंवा इथल्याच रायपूरच्या दोन वसाहतींत राहणाऱ्या आईबापांनी तिचा जरूर विचार करावा. परंतु समान भाग हा मुलाचा हक्क नसून तो आईबापांच्या हिशेबाचा एक प्रकार आहे, हे विसरता कामा नये. ऑस्ट्रेलियाने २००६ साली समान वेळेचा विचार न्यायालयांवर बंधनकारक केला. पुष्कळ पालकांनी त्याचा अर्थ ‘निम्मा वेळ हा माझा अधिकार’ असा घेतला, आणि अखेर २०२३ च्या दुरुस्तीने, जी मे २०२४ पासून अंमलात आली, ती तरतूद काढून टाकून मुलाच्या हितावर आणि सुरक्षिततेवर सगळा भर द्यावा लागला. जे आपण अद्याप स्वीकारलेच नाही, त्याच्या चुका तरी आपल्याला आयत्या शिकायला मिळाल्या आहेत.

वयाचा विचार तर पायाचा आहे. दीडदोन वर्षांच्या मुलाला महिन्याचा विरह म्हणजे विस्मृतीच; त्याला थोड्या थोड्या अंतराने भेटले पाहिजे, आणि म्हणून त्या वयात प्रवास मोठ्यांनी करावा, मुलाने नव्हे. नागपूरच्या बापाने रायपुरात चार दिवस मुक्काम करावा, एखाद्या आप्ताच्या घरी मुलाला आंघोळ घालावी, झोपवावे. शाळेत जाणाऱ्या मुलाला गाडीचा प्रवास झेपतो, किंबहुना आवडतो. त्याला परीक्षेच्या आधीचा आठवडा मात्र एकाच घरी काढू द्यावा. तेराचौदाच्या मुलीला मैत्रिणी असतात, शिकवणी असते, शनिवारी नाटकाची तालीम असते. तिच्या शनिवारावर ती पाच वर्षांची असताना लिहिलेला हुकूम चालवणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे, आणि ती यायला नाखूष दिसली तर त्यात दर वेळी आईची फूस शोधणे हा दुसरा. १८९० चा पालक व पाल्य कायदाही सांगतो की, समंजस वयाच्या पाल्याचे मत न्यायालयाला विचारात घेता येते. शंभर वर्षांहून जुन्या कायद्याला जे सुचले ते आपल्याला का सुचू नये?

ज्या घरात मारहाण झाली, जिथे व्यसन आहे, जिथे मुलाच्या अंगाला धोका आहे, तिथे मी वर लिहिलेले काहीही लागू नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या २१ व्या कलमाने अशा वेळी भेट नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे, आणि तो त्याने निःशंकपणे वापरावा. मात्र धोका आणि नापसंती यांतला भेद ओळखला पाहिजे. आमच्या शेजारच्या महासमुंदच्या एका प्रकरणात, आई जीन्स घालते, पुरुष सहकाऱ्यांबरोबर कामानिमित्त हिंडते, अशा साक्षींच्या आधारे मुलाचा ताबा तिच्याकडून काढून घेण्यात आला होता. छत्तीसगढ उच्च न्यायालयाने २०२२ साली तो हुकूम रद्द केला आणि वेशभूषेवरून स्त्रीचे चारित्र्य ठरवणाऱ्या दृष्टीची निर्भर्त्सना केली. आईच्या पोशाखावर साक्षी घेण्यात जे दिवस गेले, ते त्या मुलाच्या बालपणातले होते.

काळाचा हा अपव्यय मला सर्वांत भयंकर वाटतो. दाव्याला तारीख पडते, मग दुसरी पडते. न्यायाधीशांची बदली होते, वकिलांचा संप होतो, समुपदेशकाचा अहवाल येत नाही. आणि ‘तूर्त’ म्हणून दिलेला दोन तासांचा हुकूम तीन वर्षे चालतो. आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे किती? त्याला जेवढे आठवते त्यातले बहुतेक सगळे. म्हणून माझी कुटुंब न्यायालयांना विनंती आहे की, अंतिम निकाल केव्हाही लागो, पहिल्या दोन महिन्यांच्या आत मुक्कामाचा एक लेखी तपशील दोघांच्या संमतीने किंवा संमतीवाचून ठरवून द्यावा. कोणत्या वारी, कोणत्या गाडीने, आणायला कोण, पोचवायला कोण, तिकिटाचा खर्च कोणाचा, आजारपणात काय, पोळा, तीजा, गणपती, दिवाळी तिथीने कशी, मधल्या दिवसांत दूरध्वनी किंवा व्हिडिओ कॉल किती वाजता, आजीआजोबांकडे कधी. पोटगी थकली म्हणून मुलाचा मुक्काम अडवू नये आणि मुक्काम चुकला म्हणून पोटगी अडवू नये, हेही त्यात स्पष्ट शब्दांत असावे. आणि दर दोन वर्षांनी, कोणी अर्ज करो वा न करो, तो कागद पुन्हा उघडून मुलाच्या नव्या वयाशी ताडून पाहावा. २६ व्या कलमात हे सगळे बसते. इतका तपशील लिहिणे म्हणजे आईबापांवर अविश्वास दाखवणे, असे काही वकील मला म्हणाले. मला ते पटत नाही. ज्यांच्यात बोलणेच उरले नाही, त्यांना बोलावे लागणार नाही इतका तपशील लिहून देणे ही त्यांच्यावर केलेली दयाच आहे.

परवा आजींनी ती वही पुन्हा दाखवली. आता तिच्यात तिसरे एक अक्षर आले आहे, मोठे, ओळीबाहेर जाणारे, ‘ळ’ची गाठ उलटी काढलेले. मुलाने लिहिले होते: ‘पोळा कुठे?’ त्याच्या खाली आजींचे अक्षर: ‘पोळा इथे. संध्याकाळी ५ पर्यंत.’ आणि त्याच्याही खाली, नागपूरहून परतलेल्या पिशवीत आलेले, उभे आणि दाबून काढलेले: ‘मी ५ ला घ्यायला येतो. लाकडी बैलाचे एक चाक निघाले होते, बसवून ठेवले आहे.’